पदार्थाची अवस्था ....... मुळे बदलते

घटक चाचणीच्या पेपरात ही रिकामी जागा तुम्हीही कधीतरी काढली असेल, किंवा घरी मुलाकडून पाठ करून घेतली असेल. उत्तर ठरलेलं आहे: उष्णतेमुळे. बर्फ तापवला की पाणी, पाणी तापवलं की वाफ, आणि थंड केलं की उलट. एक गुण. मुलांना येतं, तपासायला सोपं, आणि उत्तर चुकीचंही नाही. माझी हरकत त्या टिंबांना आहे. तिथे एकच शब्द बसतो असं मूल धरून चालतं, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याला कोणी तसं नसल्याचं सांगत नाही.

पनवेलमधल्याच एका शाळेतल्या पाचवीच्या मुलीचा पेपर तिच्या आईने मला दाखवला होता. मुलीने त्या जागेत 'दाबा' लिहिलं होतं. पदार्थाची अवस्था दाबामुळे बदलते. वर लाल फुली, शून्य गुण. तिचे वडील गॅस सिलिंडरच्या गाडीवर काम करतात. सिलिंडर हलवला की आत काहीतरी डचमळतं आणि तो गॅस आत पातळ असतो, हे तिला घरातूनच कळलेलं. आणि ते बरोबरच आहे. आपल्या स्वयंपाकघरातला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. ते नेहमीच्या तापमानालाच दाबाखाली द्रव होऊन राहतं, आणि रेग्युलेटर उघडला की वायू होऊन शेगडीत येतं. म्हणजे त्या मुलीने पुस्तकाबाहेरचं, पण घरातलं, खरं उत्तर लिहिलं होतं.

त्या टिंबांत तिसरा शब्दही बसतो: वीज. नेमकं म्हणायचं तर विद्युत क्षेत्र. हा लेख त्या तिसऱ्या शब्दाबद्दल आहे. प्राथमिकच्या शिक्षकाने यात कशाला पडायचं, असं वाटेल. थोडा धीर धरा, त्यावर शेवटाकडे येते.

आधी दोन गैरसमज बाजूला करू. वीज म्हटल्यावर हीटर डोळ्यांसमोर येतो. वीज वाहते, तार तापते, पाणी उकळतं. ती पुन्हा उष्णताच झाली. इथे तसं नाही. विजेचा प्रवाह जवळपास न वाहू देणाऱ्या पदार्थाची पातळ चकती घ्यायची, तिच्या दोन्ही बाजूंना धातूचा लेप द्यायचा आणि एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण टोक जोडायचं. आतून वीज वाहत नाही, पण आतल्या प्रत्येक धन आणि ऋण आयनाला ओढ जाणवते. धन आयन एकीकडे ओढले जातात, ऋण दुसरीकडे. या ओढीचा प्रदेश म्हणजे विद्युत क्षेत्र.

दुसरा गैरसमज असा, की अवस्था तीनच. स्थायू, द्रव, वायू ही मोठी वाटणी झाली. पण स्थायूच्या आतही वेगवेगळ्या अवस्था असतात, शास्त्राच्या पुस्तकांत त्यांना प्रावस्था म्हणतात. लोहार विळा लालभडक तापवतो आणि पाण्यात बुडवतो तेव्हा पोलाद वितळलेलं नसतं. तरी आतल्या लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते, आणि तेच पोलाद आधीपेक्षा कितीतरी कडक होतं. अणू तेच, स्थायूही तोच, मांडणी वेगळी, म्हणून गुणधर्म वेगळे. एवढं धरून ठेवा.

आता स्वयंपाकघरातून गॅसचा लायटर आणा. खट्‌ करून दाबायचा तो, चाकवाला नको. त्यात गारगोटी घासते असं बहुतेक मुलं सांगतात, आणि मोठी माणसंही. आत गारगोटी नसते. स्प्रिंगवर बसवलेली छोटी हातोडी असते, आणि ती एका चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या तुकड्यावर आपटते. तो तुकडा शिसं, झिर्कोनियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचा बनलेला असतो, पीझेडटी हे त्याचं चालू नाव. त्याच्यावर आघात झाला की दोन टोकांमध्ये काही हजार व्होल्टचा फरक तयार होतो आणि हवेतून ठिणगी उडते. ना सेल, ना वायर.

पण मला सांगायची गोष्ट त्याच्या आधीची आहे. हा तुकडा भट्टीत भाजून बाहेर काढला आणि तसाच लायटरमध्ये बसवला तर ठिणगी पडत नाही. आत छोटे छोटे प्रदेश असतात. प्रत्येक प्रदेशात धन आयन एका दिशेला किंचित सरकलेले असतात, पण प्रत्येक प्रदेशाची दिशा वेगळी. एकमेकांचा परिणाम ते मारून टाकतात. म्हणून कारखान्यात तुकडा गरम तेलात ठेवून त्याच्यावर जोरदार विद्युत क्षेत्र लावतात. प्रदेशांची तोंडं एका बाजूला वळतात, आणि क्षेत्र काढून घेतल्यावरही बरीचशी तशीच राहतात. याला पोलिंग म्हणतात. आपल्या हातातला लायटर कारखान्यात एकदा मिळालेली दिशा वर्षानुवर्षं सांभाळून असतो.

अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. नावात 'फेरो' असलं तरी लोखंडाशी संबंध नाही. लोखंड जसं चुंबकाने चुंबकित होऊन तसं राहतं, तसं हे विजेच्या बाबतीत वागतात, म्हणून ते नाव. हा गुण पहिल्यांदा १९२०च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ व्हॅलासेक यांना रोशेल सॉल्ट नावाच्या मिठात दिसला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटॅनेट सापडलं, आणि आपल्या मोबाइलमधले शेकडो बारीक कपॅसिटर आज मुख्यतः त्याचेच असतात.

लायटरच्या तुकड्यात प्रदेश आधीपासून असतात, वीज त्यांना फक्त वळवते. खरी गंमत पुढच्या पदार्थांची आहे, कारण तिथे वीज नवी मांडणीच घडवते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लेनिनग्राडमध्ये स्मोलेन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेड मॅग्नेशियम नायोबेट नावाचा पदार्थ अभ्यासला. पीएमएन म्हणू. त्याच्या स्फटिकात सारख्या आकाराच्या अगणित चौकोनी खोल्या असतात, आणि प्रत्येक खोलीच्या मध्यभागी एक आयन बसतो. दर तीन खोल्यांमागे सरासरी एकीत मॅग्नेशियम आणि दोहोंत नायोबियम. कोणत्या खोलीत कोण, हे मात्र बऱ्याच अंशी अनियमित. मॅग्नेशियमवर दोन धन प्रभार, नायोबियमवर पाच. शेजारी कोण आलाय यावर प्रत्येक ठिकाणची ओढ बदलते, त्यामुळे सगळ्या स्फटिकाचं एकमत होत नाही. काही नॅनोमीटरच्या टोळक्यांत एकमत होतं, बाहेर नाही. कितीही थंड करा, आपण होऊन सगळे एका दिशेला वळत नाहीत. या गटाला रिलॅक्सर म्हणतात. मुलांना नाव ऐकून हसू येतं, येऊ द्या. क्षेत्र उलटसुलट बदललं की यांचा प्रतिसाद मागे पडतो, त्या मागे पडण्याला शास्त्रात रिलॅक्सेशन म्हणतात, त्यावरून ते नाव. या टोळक्यांचं नेमकं स्वरूप काय, यावर आजही शास्त्रज्ञांत वाद चालतात.

हे वर्गात कसं दाखवायचं? मी मैदानावर दाखवते. चाळीस मुलं लागतात आणि एक शिट्टी. पाच-पाचच्या टोळ्या करायच्या. टोळीतल्या सगळ्यांनी एकाच बाजूला तोंड करायचं, पण बाजू टोळीनेच ठरवायची. कोणी नळाकडे, कोणी गेटकडे, कोणी वडाकडे. मग गच्चीवर एका मुलाला पाठवून विचारायचं, मैदान कुठे बघतंय? तो सांगतो, कुठेच नाही. हा झाला रिलॅक्सर.

आता नियम सांगायचा. 'थंडी' म्हटलं की पाय हलवायचे नाहीत. 'गरमी' म्हटलं की जागच्या जागी उड्या, धक्काबुक्की आणि परत आपापल्या टोळीची दिशा. मी ध्वजस्तंभाजवळ उभी राहून हळूच शिट्टी वाजवते. काही माना वळतात, शिट्टी थांबली की पुन्हा आपल्या जागी. मग जोरात वाजवते. एक टोळी वळते, तिच्या शेजारची वळते, आणि बघता बघता सगळं मैदान ध्वजाकडे. आता शिट्टी बंद. 'थंडी' चालू असेल तर मैदान तसंच राहतं. 'गरमी' म्हटलं की दहा सेकंदांत पुन्हा टोळ्या. गच्चीवरचा मुलगा हे सगळं ओरडून सांगत असतो, त्याचा घसा बसतो, पण पुढच्या वेळी गच्चीवर जायला सगळेच तयार असतात.

पीएमएनमध्ये अगदी हेच होतं, फक्त आकड्यांनिशी. दर सेंटिमीटरला साधारण दोन हजार व्होल्ट एवढं क्षेत्र ठेवून तो थंड करत नेला, तर शून्याखाली साठ अंश सेल्सिअसच्या आसपास सगळ्या स्फटिकाची मांडणी एकजात होते. चौकोनी खोल्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे किंचित ताणल्या जातात. म्हणजे नुसती तोंडं वळली असं नाही, खोलीचा आकारच बदलला. नवी प्रावस्था. क्षेत्र याहून बरंच कमी असेल तर हे होत नाही, उंबरठा असतो. थंडीतच क्षेत्र काढलं तर नवी प्रावस्था टिकते. मग तापवत आणलं की त्याच सुमाराच्या तापमानाला ती मोडते. दोन हजार व्होल्ट ऐकून घाबरायला होतं, पण तो आकडा एका सेंटिमीटरचा आहे. एक मिलिमीटर जाडीच्या चकतीला सुमारे दोनशे व्होल्ट पुरतात, घरातल्या बोर्डापेक्षा कमीच. (म्हणून घरी करून बघायचं नाही. बोर्डातले व्होल्ट माणसाला पुरेसे असतात.)

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग उशिराचा आहे. थंड पीएमएनवर एकसारखं क्षेत्र लावून ठेवलं, तर कधीकधी सुरुवातीला काहीच होत नाही. मिनिटं जातात, कधी त्याहून बराच वेळ. उपकरणाचा काटा ढिम्म. आणि मग एकदम बदल होतो. १९९०च्या दशकात हे नीट मोजलं गेलं. मैदानावरही हे जमतं: शिट्टी हळू पण न थांबता वाजवत राहायची. बराच वेळ कोणी हलत नाही, मग एक टोळी वळते आणि तिच्या मागोमाग सगळे. यावरून पालकसभेत 'मुलंही अशीच असतात, क्षेत्र लावत राहा' असं भाषण ठोकायचा मोह होईल. कृपया नको. शिशाच्या आयनाला स्वतःचं मत नसतं, चौथीतल्या मुलाला असतं. पदार्थाची गोष्ट पदार्थाचीच राहू द्या, ती तशीच पुरेशी सुरस आहे.

याचा उपयोग काय, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. तर, खोलीचा आकार बदलला की सगळा स्फटिक किंचित लांब होतो. वीज चालू-बंद करून वस्तू हलवता येते, चाक किंवा मोटर न लावता. १९९७ साली अमेरिकेत पार्क आणि श्राउट यांनी दाखवलं, की लेड झिंक नायोबेट आणि लेड टायटॅनेट यांचा मिश्र स्फटिक जोरदार क्षेत्रात १.७ टक्क्यांपर्यंत ताणला जातो, आणि त्या ताणात विजेमुळे होणाऱ्या अवस्थांतराचा वाटा असतो. नेहमीच्या पीझेडटीच्या हे सुमारे दहापट. १.७ टक्के म्हणजे एक सेंटिमीटरला जेमतेम पाव मिलिमीटरही नाही, पण कठीण दगडासारख्या वस्तूला हे फार झालं. याच कुळातले स्फटिक आता काही सोनोग्राफी यंत्रांच्या प्रोबमध्ये असतात. पोटावर फिरवतात तो प्रोब. त्यातला स्फटिक विजेने थरथरतो, ध्वनी आत पाठवतो, आणि परत आलेल्या ध्वनीची पुन्हा वीज करतो. आणखी एक उदाहरण मुलांना फार आवडतं. हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा किंचित चुकीच्या आकाराचा घासला गेला होता. डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनी तिच्यात नवा कॅमेरा बसवला. त्याच्या आतले छोटे आरसे नेमक्या कोनात आणायला पीएमएनच्याच चकत्यांचा वापर केला होता.

हे सगळं परदेशातलंच आहे असं नाही. पनवेलहून हार्बरची लोकल पकडा. वाशीनंतर खाडीचा पूल ओलांडला की डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, आणि तिथे १९८५ साली सुरू झालेली ध्रुव अणुभट्टी. आपल्याकडे अणुभट्टी म्हटलं की लोकांना वीज किंवा बॉम्ब एवढंच आठवतं. ध्रुवमधून न्यूट्रॉनचे झोतही बाहेर काढतात आणि पदार्थाच्या आत अणू कुठे बसलेत ते बघतात. शिशासारखे जड अणू असले की क्ष-किरणांना शेजारचा हलका ऑक्सिजन नीट दिसत नाही, न्यूट्रॉनला दिसतो. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी सोडियम नायोबेट नावाच्या पदार्थावर अशा पद्धतीने काम केलं आहे, त्यांचा एक निबंध २००७ सालचा आहे. हा पदार्थ रिलॅक्सर नाही, पण चुलतभाऊ म्हणा. त्याच्या आत आयनांच्या रांगा एकमेकींच्या विरुद्ध तोंड करून उभ्या असतात. पुरेसं जोरदार क्षेत्र लावलं की सगळ्या रांगा एका बाजूला वळतात, आणि क्षेत्र काढल्यावरही बहुधा परत फिरत नाहीत. पुण्यात पाषाणला संरक्षण खात्याच्या एआरडीई या संस्थेत पीझेडटी जातीच्या पदार्थांवर काम झालं आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिसं नसलेल्या अशा पदार्थांत विजेमुळे होणारी अवस्थांतरं अभ्यासली जातात. ट्रॉम्बेच्या अलीकडेच मानखुर्दला १९७४ साली स्थापन झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. आपल्यातले काही जण तिथे प्रशिक्षणाला जाऊन आलेही असतील.

म्हणजे आपल्या लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराखाली ज्या प्रश्नावर काम चालतं, त्याचं उत्तर आपल्या पेपरात चूक धरलं जातं. मला हे खटकतं.

आता ते राहिलेलं: प्राथमिकला हे कशाला? एक सहकारी मला म्हणाले, "मॅडम, निपुणच्या चाचण्या, ऑनलाइन नोंदी, त्यात बीएलओची ड्युटी. मुलांना तीन अवस्था आल्या तरी खूप." त्यांचा त्रास खरा आहे, तोच मलाही आहे. डीएडला आम्हाला पेरोव्हस्काइट कोणी शिकवलं नव्हतं, आणि चौथीच्या मुलाला तो शब्द येण्याची काहीच गरज नाही. मी नवा धडा मागत नाहीये. माझं मागणं दोन शब्दांपुरतं आहे. 'अवस्था उष्णतेमुळे बदलते' याच्याऐवजी 'अवस्था उष्णतेमुळेही बदलते' असं म्हणा. किंवा प्रश्नच असा काढा: 'पाण्याची अवस्था बदलण्यासाठी तुम्ही काय कराल?' तिथे उष्णता हे उत्तर चोख बसतं आणि दुसऱ्या कुठल्याही खऱ्या उत्तरावर फुली मारायची वेळ येत नाही. याला वेळ लागत नाही, साहित्य लागत नाही, आणि अभ्यासक्रमही मोडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लहान मुलांना आधी एक साधं पक्कं सांगावं, अपवाद नंतर. निम्मं मला मान्य आहे. साधं सांगावंच. पण साधं सांगणं वेगळं आणि दार बंद करणं वेगळं. दहा वर्षांच्या मुलाने एकदा 'फक्त उष्णता' असं पक्कं केलं की सिलिंडर डोळ्यांसमोर असूनही त्याला तो दिसत नाही. मी मुलांना विचारलंय, सिलिंडरमध्ये काय असतं? तर उत्तर येतं, 'गॅस.' डचमळतं काय मग? 'पाणी शिरलं असेल.' पुस्तकातलं वाक्य सांभाळायला मुलांनी सिलिंडरमध्ये पाणी घातलं.

आणि हे मराठीत सांगता येत नाही, त्यासाठी इंग्लिश मीडियमच हवं, असं मानणाऱ्या पालकांसाठी: वरची मैदानावरची गोष्ट मी मराठीतच सांगते. सहावीची मुलं शेवटी विचारतात की टोळीत चारऐवजी चौदा मुलं असली तर शिट्टी किती जोरात लागेल. हा प्रश्न प्रयोगशाळेतही विचारला जातो.

पुढच्या आठवड्यात कोणाला करून बघायचं असेल तर लायटरपासून सुरुवात करा. खोली थोडी अंधारी करा, गॅस आणि काडेपेटी लांब ठेवा, आणि लायटरच्या टोकाशी टेस्टरमधला छोटा निऑन दिवा धरून खट्‌ करा. दिवा क्षणभर चमकतो. सेल कुठे आहे ते शोधायला सांगा. फक्त लायटर फोडून आतला तुकडा मुलांच्या हातात देऊ नका, घरीही फोडू देऊ नका. त्या तुकड्यात शिसं असतं. तो फुटून भुगा झाला तर हाताला लागतो आणि हातातून डब्यात जातो. युरोपने विजेच्या वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आणले तेव्हाही या तुकड्यांना सूट द्यावी लागली, कारण तेवढंच चांगलं काम करणारा बिनशिशाचा पर्याय हाताशी नव्हता. तो शोधण्याचं काम अजून चालू आहे. बिघडलेला लायटर ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या. मी शाळेत त्यासाठी एक जुना डालड्याचा डबा ठेवलाय.